देश आई, मग बाई कोण?

देशाला आई म्हटलं की ऐकणाऱ्याचे हात आपोआप जोडले जातात. बंगाली देशभक्तीपर कादंबऱ्यांचा या सवयीत मोठा वाटा आहे. पण देश आई झाला, तेव्हा त्याच कादंबऱ्यांतल्या हाडामांसाच्या बाईचं काय झालं?

बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’मध्ये (१८८२) मातेची सुटका होईपर्यंत संतानांनी बायकोपासून दूर राहायचं, असं व्रत. नवऱ्याच्या वाटेतली अडचण नको म्हणून कल्याणी विष घेते. (वाचते, हे नशीब.) शांती लढते खरी, पण पुरुष संन्याशाच्या वेषात, नवीनानंद होऊन.

‘देवी चौधुराणी’ (१८८४) मला जास्त खुपते. सासऱ्यानं हाकललेल्या प्रफुल्लला भवानी पाठक पाच वर्षं घडवतो. व्याकरण, गीता, अगदी कुस्तीसुद्धा! ती दरोडेखोरांची राणी होते, गोरगरिबांना धन वाटते. आणि शेवट? त्याच सासरी, नवऱ्याच्या तीन बायकांपैकी एक होऊन, घाटावर भांडी घासणं. बंकिमबाबूंच्या लेखी हे निष्काम कर्म. कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करताना हा शेवट मी कितीदा तरी पाहिलाय. तिथं त्याला ‘तडजोड’ म्हणतात.

रवींद्रनाथांनी हा देव्हारा हलवला. ‘घरे बाइरे’तला (१९१६) संदीप बिमलेला देशाची मूर्ती म्हणून पूजतो आणि तिच्याच हातून घरच्या तिजोरीतले पैसे काढवतो. स्वदेशीच्या नावाखाली गरीब मुसलमान विक्रेत्यांच्या पोटावर पाय येतो, हेही ते दाखवतात. त्या काळात हे लिहायला धाडस लागलं असणार.

तरीही माझं त्यांच्याशी भांडण आहे. ‘चार अध्याय’ (१९३४) मधली एला क्रांतिकारकांच्या गटात आहे, पण तिचं काम पोरांना स्फूर्ती देण्याचं. अखेर जीव घ्यायला येतो तो तिचा प्रियकरच. या कादंबरीच्या दोनच वर्षं आधी, सप्टेंबर १९३२ मध्ये, एकवीस वर्षांच्या प्रीतिलता वड्डेदारनं चितगावजवळच्या पहाडतली इथल्या युरोपियन क्लबवरच्या हल्ल्याचं नेतृत्व केलं होतं. पकडलं जाऊ नये म्हणून तिनं सायनाइड घेतलं. मागे ठेवलेल्या निवेदनात तिनं विचारलं होतं, की देशाच्या लढ्यात स्त्री-पुरुष असा भेद कशासाठी? तीही पुरुषाच्या वेषातच गेली होती. पण ती कुणाची मूर्ती नव्हती, कुणाची स्फूर्तीही नव्हती. तिला स्वतःचं राजकारण होतं. एलाच्या वाट्याला मात्र ते आलं नाही.