मराठी क्रियापद आणि लिंगभान

लिंगभान प्रौढपणीच येते, हा समज मराठी व्याकरणापुढे टिकत नाही. ‘मी जातो’ की ‘मी जाते’, याची निवड मुलाला बालपणीच करावी लागते; बंगालीत हा प्रसंग येत नाही. अर्थात कोल्हापूरकडे मुलीही ‘मी आलो’ म्हणतात. म्हणून केवळ क्रियारूप हा लिंगभानाचा पुरावा ठरत नाही. ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ (२०१२) या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या आत्मकथनाच्या शीर्षकात पुल्लिंगी नाम व स्त्रीनाम शेजारी आहेत. क्रियापद मात्र गाळलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा हक्क मान्य केला. तेव्हा विद्यार्थ्याचे बदललेले क्रियारूप अशुद्ध म्हणून खोडण्यापूर्वी अध्यापकाने थांबावे. कदाचित ते त्याच्या आत्मकथनाचे पहिलेच वाक्य असेल.