बी.एस्सी.च्या पोरांना दोन महिने द्या



गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवर एक जुनी विद्यार्थिनी भेटली. "टीचर, ओळखलंत का?" म्हणाली. ओळखलं की! आता ती एका दवाखान्यात बिलिंगच्या काउंटरवर बसते. तिला बघून बरं वाटलं आणि थोडी शरमही वाटली. ती का, ते सांगते.

बी.एस्सी.ला झूलॉजी घेतलेलं असताना तिने विज्ञान अकादमीच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. निवड झाली, बेंगळूरची लॅब मिळाली. नेमकं मे महिन्यात घरी भावाचं लग्न. त्यात वडिलांचा प्रश्न, "दोन महिने पोरीला एकटीला पाठवायचं आणि शेवटी नोकरी मिळणार का?" दोघं माझ्याकडे सल्ल्याला आले. मी सांगितलं, राहू दे, बी.एड. करू दे, नोकरी पक्की. ती गेली नाही. पुढे बी.एड.ही झालं नाही, ते असो. पण चाळीसेक वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईने असा सल्ला द्यावा, हे मला अजून खटकतं.

ही शिष्यवृत्ती काय आहे हे आपल्या पॅरिशमध्ये बहुतेकांना माहीत नाही. बेंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून ती देतात. निवड झालेल्या मुलाला देशातल्या एखाद्या संस्थेत शास्त्रज्ञाच्या हाताखाली दोन महिने काम करायला मिळतं. अर्जासोबत मार्क्स कार्ड, काय करावंसं वाटतं यावर मुलाने स्वतः लिहिलेला मजकूर आणि शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. मुलं अडतात ती या शेवटच्या दोन गोष्टींपाशी. 'काय करावंसं वाटतं' हे आम्ही शाळेत कधी विचारलंच नाही, मग ते कसं लिहिणार? आणि अर्ज पावसाळा संपता संपता निघतात, तर कॉलेजात त्याची कुजबुज पोहोचते नाताळात. कॉलेजच्या शिक्षकांनाही यात अर्ज करता येतो, हे किती शिक्षकांना ठाऊक आहे?

दोन महिन्यांत काय होणार, असं विचारणारे भेटतात. मागे एक मुलगा असा जाऊन आला. त्याला फळांवर बसणाऱ्या बारीक माशांचं काम दिलं होतं. या माशांची नवी पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते, म्हणून आनुवंशिकतेच्या अभ्यासाला त्या सोयीच्या. नर-मादी वेगळे करायचे, बाटल्या बदलायच्या, मोजायचं, लिहायचं, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा. परत आल्यावर म्हणाला, "टीचर, सहा आठवडे काही जमलंच नाही. सगळं पुन्हा केलं." मला हे फार आवडलं. आपल्या कॉलेजातल्या प्रॅक्टिकलचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. जर्नल मागच्या वर्षीच्या मुलाकडून उतरवायचं, सही घ्यायची, झालं. उत्तर कुणालाच माहीत नाही असा प्रश्न या मुलाच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता.

आपल्या बेळगाव भागात याची गरज जास्त आहे, त्याला कारणही आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीचं चौथं वर्ष संशोधनाचं करता येतं, सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के गुण असले तर. पण कर्नाटक सरकारने 2024-25 पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. गरीब घराला एक वर्ष वाचलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती वाट इथल्या मुलांसाठी बंद झाली. उरला तो उन्हाळा, आणि तोही सेमिस्टरच्या परीक्षा लांबल्या की बुडतो. कॉलेजांनी निवड झालेल्या मुलांपुरती तरी प्रॅक्टिकल परीक्षा आधी उरकावी. एवढं मनात आणलं तर जमतं.

सगळ्यांनी बेंगळूरलाच जायला हवं असंही नाही. आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था इथे नेहरूनगरात आहे. समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावलाला. तिथे चांगलं पत्र लिहून विचारायला काय जातं? खानापूरकडे तर वेगळीच श्रीमंती. बारापेडे गुहेतल्या वटवाघळाचं वर्णन शास्त्रज्ञांनी 1913 साली केलं, आणि कितीतरी वर्षं ती जात जगात फक्त त्या गुहेतूनच माहीत होती. त्याच भागात 2011 साली भीमगड अभयारण्य झालं. आपली मुलं त्याच रस्त्याने एसटीने कॉलेजला येतात आणि त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. (खरं म्हणजे मलाही निवृत्त झाल्यावर कळलं.)

आता पैशाचं. शिष्यवृत्ती मिळते, रेल्वेभाडंही मिळतं, पण हातात येईपर्यंत खोली आणि मेसचे पैसे आधी भरावे लागतात. आपल्या शिक्षण निधीतून नर्सिंग आणि इंजिनिअरिंगच्या फीला मदत होते, व्हावीच. पण दोन महिने लॅबमध्ये जाणाऱ्या मुलाला त्यातून काही मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही, कारण अर्जाच्या कागदावर तसा रकानाच नाही. तो घाला, एवढीच फादरांना आणि समितीला विनंती. दोन मुलांच्या पहिल्या महिन्याची सोय झाली तरी पुष्कळ. शिष्यवृत्ती हातात आल्यावर मुलांनी ते परत करावेत, असं ठरवलं तरी चालेल.

आणि पालकहो, लग्नाची तारीख धरताना घरात बी.एस्सी.ची मुलगी असली तर तिला एकदा विचारा.

ऑक्टोबरपासून दर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर मी शाळेच्या व्हरांड्यात तासभर बसेन. धर्म कुठलाही असो, मार्क्स कार्ड आणि एक कोरी वही घेऊन या. मजकूर मी लिहून देणार नाही, तुमच्याकडूनच लिहून घेईन. निवृत्त प्राध्यापकांपैकी कुणी सोबत बसायला तयार असेल तर खुर्ची ठेवते.

- एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव