हेल काढून रडणं

'हेल काढून रडणं' हा शब्दप्रयोग आपण बहुतेक वेळा नाक मुरडूनच करतो. मयताला आलेली एखादी मावशी दारातूनच सूर लावते, गेलेल्या माणसाला हाक मारून त्याच्याशीच बोलायला लागते, आणि पुण्याहून गाडी काढून आलेली आमच्यासारखी पोरं अवघडून एकमेकांकडे बघतात. "त्यांना जरा शांत करा ना," असं कुणीतरी म्हणतंच. माझं मत विचाराल तर, नका करू शांत. त्या मावशीला जे येतं ते आपल्याला येत नाही.

नीट ऐकलंत तर त्या रडण्यात चाल असते, श्वास घ्यायच्या जागा ठरलेल्या असतात, आणि मुख्य म्हणजे मजकूर असतो. कुणाची लग्नं लावून दिली, कुणाला अडीनडीला धान्य दिलं, आता दिवाळीला माहेर म्हणून कुणाकडे जायचं... गेलेल्या माणसाचा अख्खा हिशोब चारचौघांत मांडला जातो.

यावर कुणी म्हणेल, आपलं तत्त्वज्ञान तर आत्मा अमर म्हणतं, मग एवढा आक्रोश कशाला? तर आमच्याच जिल्ह्याकडे या. औरंगाबादपासून (आता छत्रपती संभाजीनगर) तासा-दीड तासावर, पैठणजवळ गोदाकाठी आपेगाव आहे. ज्ञानेश्वरांचं गाव. १२९६ साली त्यांनी आळंदीला समाधी घेतली, त्यावर नामदेवांचे अभंग आहेत. त्यात निवृत्तिनाथ रडतात. थोरला भाऊ, ज्ञानेश्वरांचा गुरू, नाथपंथी योगी! अमरत्वाचं ज्ञान ज्याने दिलं त्याचाच बांध फुटतो, आणि नामदेव ते झाकत नाहीत. कालिदासानेही 'रघुवंशा'च्या आठव्या सर्गात अज राजाला बायकोसाठी पोटभर विलाप करू दिलाय. 'पुरुषासारखा पुरुष असून रडतोस काय' हे आपण नंतर कधीतरी शिकलो असणार.

जगात इतरत्रही असंच. 'इलियड' हे एवढं युद्धाचं महाकाव्य, पण त्याच्या शेवटच्या सर्गात हेक्टरच्या प्रेताजवळ तीन बायका पाळीपाळीने विलाप करतात. आयर्लंडमध्ये १७७३ साली नवरा मारला गेल्यावर आयलीन ओकॉनेलने केलेला विलाप लोकांनी तोंडपाठ जपला. त्यात नवऱ्याचं कौतुक आहे तसाच मारणाऱ्यांवर संतापही आहे. बहुतेक म्हणूनच सत्तेला हा प्रकार फारसा रुचत नाही. अथेन्समध्ये सोलनने बायकांच्या आक्रोशावर कायद्याने बंधनं आणली, आयर्लंडमध्ये चर्चने नाकं मुरडली. विलाप करणारी बाई फक्त 'गेला हो' म्हणून थांबत नाही, 'कुणामुळे गेला' हेही विचारते. इ.स. ६८० मधल्या करबलाचं दुःख आजही ताजं आहे ते मर्सियांमुळे. गोवळकोंड्याच्या कुली कुतुबशहाने दखनीत मर्सिये लिहिले, आणि आमच्या मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत मोहरमच्या सवाऱ्यांना हिंदूही खांदा देतात.

आता दुसरी बाजू. यात दिखावा असतो, सुनेला डोळ्यांत पाणी नसताना रडावं लागतं, न रडली तर वर्षभर बोलणी. खरंय. रडायची सक्ती वाईटच. पण न रडायची सक्ती तरी कुठे चांगली? आमच्या टीममधल्या एकाचे वडील गेले. ग्रुपवर धडाधड 'आरआयपी', हात जोडलेल्या इमोजी. रिकामं टेम्प्लेट, आत डेटा शून्य. पाचव्या दिवशी तो लॅपटॉप उघडून बसला, आणि सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, काय स्ट्राँग आहे म्हणून. वडील काय करायचे, कसे होते, हे कुणी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. सांगायला जागाच नव्हती.

हेल आपल्याला आता जमायचा नाही, मान्य. पण त्यातला मजकूर तर जमेल? पुढच्या वेळी 'आरआयपी' टाइप करण्याआधी त्या माणसाबद्दलची एक खरी गोष्ट लिहा. माहीत नसेल तर त्याच्या मुलाला फोन करून विचारा, "सांग ना रे, कसे होते बाबा?" तो रडेल कदाचित. रडू द्या.

आणि मावशीला पाणी द्या, पण तिचं म्हणून झाल्यावर.