श्रेयनामावलीबाहेरचे हात

चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर नावे झळकत असतात, तेव्हा प्रेक्षक बहुधा आपली खुर्ची शोधत असतो. वस्तुतः कोणाचे जीवन पाहावयाचे, ते कोणत्या नजरेने पाहावयाचे आणि कोणाकडे पाहावयाचेच नाही, हे त्याच दोन-तीन मिनिटांत ठरून जाते. एमी हेकरलिंग यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला 'क्लूलेस' हा १९९५ सालचा अमेरिकन विनोदी चित्रपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. लॉस एंजेलिसलगतच्या बेव्हर्ली हिल्समधील धनिकांच्या किशोरवयीन मुलामुलींचे हे चित्रण तीन दशकांनंतर आजही कौतुकाने पाहिले जाते.

श्रेयनामावली सुरू होते ती भडक रंगांच्या अक्षरांनी आणि भरधाव दृश्यखंडांनी. उघडी जीप, खरेदी, पोहण्याचा तलाव आणि सतत हसणारे चेहरे. पार्श्वभूमीला 'किड्स इन अमेरिका' हे गीत आहे. ब्रिटिश गायिका किम वाइल्ड हिने १९८१ साली गाजवलेले हे गीत येथे 'द मफ्स' या वाद्यवृंदाच्या आवाजात ऐकू येते. शीर्षक साऱ्या अमेरिकेतील मुलांचे. पडद्यावर मात्र एका श्रीमंत वसाहतीतील मूठभर मुले! इतक्यात नायिका शेर हिचा आवाज येतो. ही एखाद्या चेहऱ्याच्या क्रीमची जाहिरात तर नव्हे ना, असे तुम्हास वाटत असेल, असे ती स्वतःच म्हणते आणि आपले जीवन अगदी चारचौघींसारखे असल्याची ग्वाही देते. दुसऱ्याच क्षणी ती संगणकाच्या साहाय्याने दिवसाचा पोशाख निवडू लागते. प्रेक्षागृहात हशा पिकतो.

हा विनोद अस्सल आहे, हे मान्य केले पाहिजे. हेकरलिंग यांना आपल्या नायिकेचा भाबडेपणा पुरेपूर ठाऊक आहे. परंतु या विनोदाचे कार्य काय, हा खरा प्रश्न आहे. जाहिरातीने आपण जाहिरात असल्याचे हसतहसत कबूल केले की टीकाकाराच्या हातचे शस्त्र आपोआप गळून पडते. प्रेक्षक नायिकेच्या 'चारचौघींसारख्या' या शब्दाला हसतो आणि तिच्या जीपमध्ये जाऊन बसतो. उपरोध शब्दांपुरता उरतो. वस्तूंचे आकर्षण तसूभरही कमी होत नाही.

हे 'सर्वसामान्य' जीवन कशावर उभे आहे, याचा हिशेब चित्रपटच पुरवतो. शेरचे वडील वकील आहेत आणि भांडण्याचे त्यांना ताशी ५०० डॉलर मिळतात, असे ती अभिमानाने सांगते. १९९५ साली अमेरिकेतील संघराज्यीय किमान वेतन ताशी ४ डॉलर २५ सेंट होते. म्हणजे वकीलसाहेबांच्या एका तासासाठी किमान वेतनावरील श्रमिकाने सुमारे ११८ तास, आठवड्याला ४० तासांच्या हिशेबाने जवळजवळ तीन आठवडे राबावयाचे. श्रेयनामावलीतील जीपमागे हे गणित आहे.

याच दिग्दर्शिकेच्या १९८२ सालच्या 'फास्ट टाइम्स ॲट रिजमॉन्ट हाय' या चित्रपटाचा आरंभ आठवावा. तेथेही श्रेयनामावली बाजारसंकुलातच घडते. परंतु तेथील किशोरवयीन मुलगी पिझ्झाच्या दुकानात काम करते आणि मुलगा चित्रपटगृहाच्या दारात तिकिटे फाडतो. पुढे आणखी एका मुलाची बर्गरच्या दुकानातील नोकरी एका ग्राहकाशी झालेल्या वादापायी जाते. तो चित्रपट क्रांतिकारक होता असे नव्हे. तथापि तरुणांना राबावे लागते, एवढे वास्तव त्याच्या पहिल्या मिनिटांतच दिसत होते. तेरा वर्षांनंतर बाजार तोच राहिला. नायिका मात्र गल्ल्याच्या आतल्या बाजूची बाहेर आली आणि केवळ ग्राहक उरली.

श्रेयनामावलीतून वगळलेले हात पुढे एका प्रसंगात क्षणभर दिसतात. माळ्याला निरोप द्यावयाचा असतो. 'मेक्सिकन' भाषा आपल्याला येत नाही म्हणून शेर ते काम घरकाम करणाऱ्या लूसीवर ढकलते. लूसी संतापते, कारण ती मेक्सिकन नाही. ती एल साल्वादोरची आहे. त्या देशातील १९८० ते १९९२ च्या यादवी युद्धात सुमारे ७५ हजार माणसे मारली गेली, लाखो परागंदा झाली आणि तेथील राजवटीला शस्त्रे व पैसा पुरवला तो अमेरिकेने. बेव्हर्ली हिल्सला लागूनच असलेल्या सेंच्युरी सिटीत १५ जून १९९० रोजी संपावरील सफाई कामगारांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्यांत मध्य अमेरिकेतून आलेले असंख्य होते. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना शाळा व आरोग्यसेवा नाकारणारा 'प्रस्ताव १८७' कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर १९९४ मध्ये संमत केला. पुढे न्यायालयांनी तो रोखला. चित्रपट प्रदर्शित झाला तो त्यानंतर अवघ्या आठ महिन्यांनी. पडद्यावर मात्र लूसीचा अपमान हा शेरच्या आत्मसुधारणेची एक पायरी ठरतो. लूसी निघून जाते. कॅमेरा शेरजवळच थांबतो.

'क्लूलेस'चा आधार जेन ऑस्टिन यांची 'एमा' ही डिसेंबर १८१५ मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी. त्या कादंबरीत जेन फेअरफॅक्स नावाची एक बुद्धिमान, निर्धन तरुणी आहे. शिक्षिका म्हणून परक्या घरी चाकरी करण्याची पाळी तिच्यावर येऊ घातली आहे आणि असल्या नोकरीच्या बाजाराची तुलना ती गुलामांच्या व्यापाराशी करते. 'क्लूलेस'मध्ये एमाच्या बहुतेक सोबत्यांना आधुनिक रूपे मिळाली. जेन फेअरफॅक्सला जागा मिळाली नाही. श्रम विकण्याची पाळी आलेली स्त्री १८१५ च्या इंग्लंडमधील कादंबरीत मावली. १९९५ च्या बेव्हर्ली हिल्समध्ये ती अडचणीची ठरली.

हीच 'एमा' २०१० साली 'आयेशा' या हिंदी चित्रपटाद्वारे दिल्लीच्या धनिकवस्तीत अवतरली, तेव्हा हा प्रश्न केवळ अमेरिकेचा राहिला नाही. अशा चित्रपटांवर बहिष्कार घालण्याचे कारण नाही. ते अवश्य पाहावेत, त्यांतील विनोदाला मनमोकळे हसावे. मात्र श्रेयनामावली चालू असतानाच खुर्चीत नीट बसावे आणि जीप कोणी धुतली, तलाव कोणी स्वच्छ केला, कपाटातील कपडे कोणी शिवले, हे विचारावे. तरुण वर्गापुढे आपल्या उत्पन्नाला न झेपणारे जीवन 'सर्वसामान्य' म्हणून मांडले जात असता, हा प्रश्न विचारण्याची सवय हेच सांस्कृतिक शिक्षणाचे पहिले पाऊल होय.