ए फॉर अ‍ॅलिगेटर, म मगरीचा!

आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात 'ए फॉर अ‍ॅलिगेटर' होता. हिरवागार, दात विचकून हसणारा. गंमत म्हणजे हा प्राणी भारतात नाहीच! जगात त्याच्या दोनच जाती, एक अमेरिकेत आणि दुसरी चीनमध्ये. आपल्याकडे आहे ती मगर. तोंड मिटल्यावरही खालच्या जबड्याचा चौथा दात बाहेर दिसला तर मगर, नाही दिसला तर अ‍ॅलिगेटर. (व्हायवाला हे विचारणार नाहीत, तरी लक्षात ठेवा.)

माझं गाव भोरजवळचं आंबवडे. नागेश्वराचं देऊळ आणि संस्थानकाळातला झुलता पूल बघायला लोक तिथे येतात. पण भोरहून वरंध घाट उतरलात की महाड, आणि महाडच्या सावित्रीत मगरी आहेत, हे हॉस्टेलवर सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना. गेल्या हिवाळ्यात मी आणि माझा आत्येभाऊ दादली पुलावर सकाळी दोन तास उभे होतो. आधी काहीच दिसेना. मग काठावरचं एक 'लाकूड' जबडा उघडून बसलं! रागावून नव्हे हं. मगरीचं रक्त थंड, म्हणून ती थंडीत उन्हाला येते आणि डोकं जास्त तापू नये म्हणून तोंड उघडं ठेवते. म्हणजे आपला कूलिंग सिस्टिमचा चॅप्टरच की. बघायचं तर असंच, पुलावरून, दुर्बिणीतून, गप्प बसून. सेल्फीसाठी काठावर उतरणाऱ्यांना मात्र कोपरापासून नमस्कार.

आता मुद्द्याचं. ३० जून २०२४ ला चिपळूणच्या रस्त्यावर रात्री मगर चालत गेली. तो व्हिडिओ आपल्या मेसमध्येही फिरला आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, "पकडा आणि लांब सोडून या." मला हे पटत नाही. ऑस्ट्रेलियात एका खाऱ्या पाण्यातल्या मगरीला हेलिकॉप्टरने लांब नेऊन सोडलं, तर ती चारशे किलोमीटरहून जास्त समुद्र पोहून वीस दिवसांत घरी परत आली! आणि मगर हलवून नदीचे प्रश्न थोडेच सुटतात? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्यात दोन एसटी बस गेल्या. त्या दिवसांतल्या बातम्यांत नदीतल्या मगरींचा उल्लेख हमखास असायचा. पण माणसं गेली ती पूल पडला म्हणून. तो विषय मगरीचा नाही, आपल्या सिलॅबसमधला आहे.

मगरीचं सगळं गणित काठावर अवलंबून असतं. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी पाण्यापासून जरा उंचावर, मऊ मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. साधारण दोन महिन्यांनी, पावसाच्या आधी, पिल्लं आतून आवाज करतात. मग ती माती उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेते. ज्या जबड्याची आपल्याला भीती, त्याच जबड्यात! आणखी एक. पिल्लू नर होणार की मादी, हे मातीचं तापमान ठरवतं. बत्तीस अंशांच्या आसपास नर, त्याहून थोडं कमी असेल तर माद्या. आणि नेमकं याच दोन-तीन महिन्यांत, पाऊस यायच्या आत काम उरकायचं म्हणून, आपल्याकडे नदीत जेसीबी उतरतात. गाळ काढा, वाळू काढा, काठ दगडाने बांधून टाका. महाड-चिपळूणला पुराचं दुःख मोठं आहे, गाळ काढू नका असं मी म्हणणार नाही. पण कुठला काठ कधी उकरायचा, हे टेंडर काढण्याआधी वनखात्याला विचारायला काय हरकत आहे? मगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत.

माझ्या रूममेटचं माहेर (म्हणजे घर हो, लग्न व्हायचंय अजून) सांगलीकडे, कृष्णाकाठी. ती म्हणते, "तुला पुलावरून बघायला छान वाटतं, आमच्याकडे बायका पाण्यात उतरून धुणं धुतात." बरोबर आहे तिचं. कृष्णेत मगरीने माणसं नेली आहेत, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना चौथ्या दाताची गोष्ट काय सांगणार? पण त्यांनाही मगर लांब सोडण्यापेक्षा सुरक्षित घाट जास्त उपयोगी पडेल. श्रीलंकेत घाटापुढच्या पाण्यात खांब रोवून कुंपण करतात, त्याला 'किंबुला कोटुवा' म्हणतात. माणसं आत अंघोळ करतात, मगर बाहेर राहते. स्वस्त आणि साधं काम.

मात्र कृष्णेच्या पुरात तसे खांब टिकतील का, हा खरा प्रश्न आहे. पाया किती खोल हवा, दोन खांबांत अंतर किती म्हणजे लहान मगरही आत येणार नाही आणि वाहून आलेला कचराही अडकणार नाही, पावसाळ्यात कुंपण काढून ठेवता येईल का? सिव्हिलच्या फायनल इयरवाल्यांनो, दरवर्षी तोच पार्किंगचा प्रोजेक्ट करता ना? घ्या हा विषय. साइट व्हिजिटला मी येते, दुर्बीण माझी!