मजुरी एकदा, गाणी शेकडो

आमच्या घरात सध्या जमैका शिरला आहे. कॉलेजात जाणारा धाकटा मुलगा मोबाईलवर तिकडची गाणी लावतो. परवा लागोपाठ तीन ऐकल्यावर मी म्हणालो, "अरे, तेच तेच काय लावतोस?" तो हसला. "पप्पा, गाणी वेगळी, गाणारे वेगळे, सालही वेगळे. खालची टेप मात्र एकच आहे."

मी कारकून माणूस, त्यातून बी.कॉम. एकच माल तीनदा विकला म्हटल्यावर माझे कान टवकारले. चौकशी केली ती सांगतो.

जमैकाची राजधानी किंगस्टन. १९५० नंतर तेथे मोकळ्या अंगणांत भलेमोठे स्पीकर रचून रेकॉर्डी लावण्याचा धंदा जोरात होता. महागड्या क्लबात न परवडणारा कष्टकरी माणूस तेथे नाचायला येई. या धंद्यातले एक बडे नाव क्लेमेंट डॉड. शाळेत क्रिकेट चांगले खेळत, म्हणून पोरांनी त्यांना यॉर्कशायरच्या अ‍ॅलेक कॉक्सन या खेळाडूचे नाव चिकटवले आणि जन्मभर ते 'कॉक्सन'च राहिले. १९६२ साली देश स्वतंत्र झाला. १९६३ साली डॉड यांनी ब्रेंटफर्ड रोडवर 'स्टुडिओ वन' उघडला. रविवारी तेथे वस्तीतल्या होतकरू पोरांचा आवाज तपासला जाई. बॉब मार्ले आणि त्याचे सोबती तेथूनच पुढे आले.

स्टुडिओचा स्वतःचा वादकसंच होता. साऊंड डायमेन्शन हे त्याचे नाव. ऑर्गनवर जॅकी मिट्टू, गिटारवर एरिक फ्रेटर, बेसवर लिरॉय सिबल्स अशी मंडळी त्यात असत. १९६७ साली या संचाने 'रिअल रॉक' नावाची एक चीज वाजवली. तिच्यात गायन नाही, फक्त वाद्ये. खाली बेस आणि ड्रमचा जो पक्का पाया असतो, त्याला जमैकात 'रिडिम' म्हणतात.

दहाएक वर्षांनी डान्सहॉलचा जमाना आला. शुगर मिनॉटसारख्या तरुण गायकांनी स्टुडिओ वनच्या जुन्या टेपांवर नवी गाणी म्हटली. विली विल्यम्स यांचे 'आर्मागिडिऑन टाइम' आणि मिशिगन व स्माइली या जोडीचे 'नाइस अप द डान्स', दोन्ही 'रिअल रॉक'वरच. जुन्या चालीवर नवे शब्द बांधणे आपल्याला काही नवे नाही. येथे मात्र चालच काय, वाजवणाऱ्यांचे हातही तेच, त्याच दिवसाचे! दुसऱ्या स्टुडिओवाल्यांनी तीच रिडिम आपल्या वादकांकडून पुन्हा वाजवून घेतली. १९७९ साली इंग्लंडच्या 'द क्लॅश' या संचाने विल्यम्सचे गाणे आपल्या पद्धतीने वाजवले. आज 'रिअल रॉक'वरची गाणी शेकड्यांनी मोजावी लागतात.

आता वहीत नोंद कशी पडली ते पाहा. वादकाला त्या वेळी ठरलेले पैसे मिळाले, म्हणजे खर्च पडला मजुरीखाती. पण टेप उरली, आणि ती टेप झाली मालमत्ता. आमच्या पुस्तकात यंत्राला दरवर्षी घसारा लागतो. या मालमत्तेला घसारा नाही, उलट वर्षागणिक भाव चढता. तिच्या मिळकतीत वाजवणाऱ्याचा वाटा किती, हा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. सिबल्स यांनी तर जाहीर तक्रार केली. दाद मागावी तर देशात १९९३ सालापर्यंत स्वतःचा कॉपीराईट कायदाच नव्हता. १९११ चा इंग्रजी कायदाच चालू होता. जॅकी मिट्टू डिसेंबर १९९० मध्ये टोरांटोत वारले, वय अवघे बेचाळीस.

डॉड यांनी काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. दार उघडे ठेवणारा तोच माणूस होता. २००४ साली ब्रेंटफर्ड रोडला 'स्टुडिओ वन बुलेवार्ड' हे नाव दिले गेले आणि थोड्याच दिवसांत, ४ मे रोजी, ते गेले.

रेकॉर्डवर गायकाचे आणि निर्मात्याचे नाव छापत. वादकांची नावे पुष्कळदा नसतच. ती आता शोधत आहेत देशोदेशीचे शौकीन. इंटरनेटवर त्यांनी याद्या केल्या आहेत: कोणती रिडिम, कोणते साल, तिच्यावर कोणकोणती गाणी, वाजवणारे कोण. पगार ना भत्ता, आणि एकेका नावावरून काय भांडतात! मुलगा रात्री जागून हे वाचतो. परीक्षेचे काय, हे त्याची आई विचारतेच.

गेल्या रविवारी त्याने मूळ 'रिअल रॉक' लावले. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, यात गाणारा कुठाय?"

"मम्मी, तो ट्रॉम्बोन ऐक ना," मुलगा म्हणाला. "विन गॉर्डन. किंगस्टनच्या अल्फा शाळेतला. गरिबांच्या पोरांना तिथे वाद्य शिकवायचे."

तिने गॅस बारीक केला आणि हात पुसत बाहेर आली.