मेलेला सेल

दिवाळीच्या आवराआवरीत संगणकाची वायर काढून पुन्हा लावली की पडद्यावर भलतीच तारीख दिसू लागते. यंत्र बिघडले, अशी हाकाटी होते. बिघडलेले काही नसते. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा आतला सेल तेवढा संपलेला असतो. रुपयाएवढा, चपटा, ३ व्होल्टचा. वर ‘सीआर २०३२’ अशी अक्षरे. प्लग काढून, ‘अधिक’ची बाजू पहिल्यासारखीच ठेवून नवा बसवावा, की झाले.

काळजी आहे ती जुन्याची. चकल्यांच्या घाईत तो टेबलाच्या कडेला राहतो आणि घरातले रांगते मूल तो नेमका उचलते. आपण त्याला मेलेला म्हणतो खरे, पण इजा करण्याइतकी वीज त्यात उरलेली असते, बरे का! अन्ननलिकेत तो अडकला की ओलाव्यातून प्रवाह वाहतो, दाहक क्षार तयार होतो आणि २ तासांत नळी आतून भाजू शकते. मूल रडेलच असेही नाही. नुसता संशय आला तरी वांती न करवता तडक रुग्णालय गाठावे व एक्स-रे काढण्यास सांगावे.

म्हणून सेल काढताक्षणी दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून उंचावरच्या डब्यात टाकावा. घरच्या कचऱ्यात नको. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा डबा ई-कचरा केंद्रावर द्यावा.

विजेच्या पणत्यांतही पुष्कळदा हाच सेल असतो. त्यांची झाकणे घट्ट आहेत ना, तेवढे पाहूनच त्या मांडाव्यात.